‘फक्त इंडेंट नीट केलंय’

खाडीपलीकडचा | मंगळवार, रात्री १०:४०

मंडळी, लिहीन लिहीन म्हणता वर्ष गेलं. परवा पुन्हा तसलाच एक पॅच, म्हणजे कुणीतरी कोडमध्ये सुचवलेला बदल, आला, म्हटलं आता लिहूनच टाकू. पुढच्या वेळी कुणाला समजवायला बसण्यापेक्षा या धाग्याचा दुवा देता येईल.

आधी थोडी पार्श्वभूमी. देवगड तालुक्यात आमच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मिळून अकरा आंबा बागांत आम्ही हवामानाच्या पेट्या लावल्या आहेत. पत्त्यांच्या कॅटाएवढा लिनक्स बोर्ड, तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, पान ओलं की कोरडं ते सांगणारा दुसरा सेन्सर, आणि एक बॅटरी, जी कागदावर सहा तास चालते. मोहराच्या दिवसांत भुरी पडण्यासारखी हवा आहे का, फवारणी आज करायची की दोन दिवस थांबायचं, एवढं ठरवायला याचा उपयोग. पेटीत जो डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, आहे तो सी भाषेत लिहिलेला, साधारण नऊ हजार ओळींचा, मुक्तस्रोत. मी त्याचा मेंटेनर. म्हणजे दिवसा पोटापाण्याची नोकरी आणि रात्री जेवणं झाल्यावर लोकांचे पॅच वाचणं.

तर गेल्या वर्षाच्या आदल्या वर्षी, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात एक पॅच आला. शीर्षक: ‘फक्त इंडेंट नीट केलंय’, म्हणजे ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा सारखी केलीय. तीन फायली, ११४० ओळी. घरात माटवीची तयारी चाललेली, मुंबईची मंडळी दोन दिवसांवर आलेली, विहिरीचा पंप बिघडलेला. मी वरवर दोन पानं पाहिली. सगळीकडे स्पेस जाऊन टॅब आलेले दिसले. कंपाइल झालं, टेस्ट पास झाल्या. मर्ज करून (मूळ कोडमध्ये मिसळून) आरतीला मोकळा.

पुढचा जून. पहिल्या पावसाबरोबर आमच्याकडे वीज जाते हे काही नवीन नाही, आणि सहा तासांची बॅटरी एव्हाना चाळीस मिनिटांवर आलेली. वीज परत आली तेव्हा दोन पेट्या जिवंत झाल्या खऱ्या, पण तापमान दोन अंशांनी चुकीचं दाखवायला लागल्या. आत पाहिलं तर कॅलिब्रेशनची, म्हणजे सेन्सरची चूक सुधारणाऱ्या आकड्यांची, फाइल शून्य बाइटची. जागेवर आहे, नाव बरोबर आहे, आत काही नाही.

ही फाइल लिहायची पद्धत ठरलेली होती. नवा मजकूर आधी तात्पुरत्या फायलीत लिहायचा, मग एफसिंक करून तो खरोखर कार्डावर उतरवायचा, आणि मगच रीनेम करून जुन्या फायलीच्या जागी बसवायचा. मधली पायरी गाळली तर नाव बदलल्याची नोंद कार्डावर आधी पोचू शकते आणि मजकूर अजून मेमरीतच असतो. नेमकी त्या वेळी वीज गेली की संपलं. मला छातीठोक आठवत होतं की एफसिंक मीच लिहिलं होतं. कोडमध्ये ते नव्हतं.

कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते सांगणाऱ्या गिट ब्लेमला विचारलं तर तिन्ही फायलींतल्या जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे एकच नाव, एकच तारीख. शेवटी बायसेक्ट लावलं, म्हणजे दर वेळी उरलेल्यांतला मधला बदल तपासून निम्मे बाद करत जायचं. मधल्या १८० कमिटांसाठी (नोंदवलेल्या बदलांसाठी) आठ पायऱ्या, ऐकायला बरं वाटतं. पण हा दोष दिसायला वीज जावी लागते, आणि तीही नेमक्या क्षणी. म्हणजे प्रत्येक पायरीला पेटीचा प्लग वीस वीस वेळा उपटायचा. दोन रविवार मी पडवीत बसून हेच केलं. आई एकदा येऊन बघून गेली, दुसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, “प्लग काढतोस नि घालतोस, काढतोस नि घालतोस. तुझं सगळं ठीक आहे ना?”

बायसेक्ट येऊन थांबलं ते त्या ११४० ओळींवर. मग तोच डिफ (आधीच्या आणि नंतरच्या कोडमधला फरक) मोकळ्या जागा वगळून पाहिला. नऊ ओळी उरल्या. आठ ठिकाणी महिरपी कंस वरखाली झाले होते. नवव्या ओळीपुढे वजाचं चिन्ह, म्हणजे काढून टाकलेली, आणि ओळ एफसिंकची.

मुलाला फोन केला. चांगला, कष्टाळू मुलगा आहे, आजही पॅच पाठवतो. म्हणाला, “दादा, वरच्याच ओळीत एफफ्लश होतं, म्हटलं तेच दोनदा कशाला, म्हणून जाता जाता काढलं.” एफफ्लश प्रोग्रामच्या बफरमधलं कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) हवाली करतं, आणि कर्नलकडचं कार्डावर उतरवायला एफसिंक लागतं. हा फरक त्याच्या वयात मलाही माहीत नव्हता. तेव्हा त्याच्यावर राग नाही, मर्ज मी केलं होतं. ‘जाता जाता’ हे दोन शब्द मात्र तेव्हापासून कानात बसलेत.

आता आमच्याकडे एकच नियम कडक आहे. कोडचं रूप बदलणारा पॅच वेगळा, कोडचं वागणं बदलणारा पॅच वेगळा. रूपाचा पॅच असेल तर पाठवणाऱ्याने आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल होऊन निघालेली) ताडून दाखवायची, बाइट न् बाइट सारखी आली पाहिजे. बाकी टॅब की स्पेस, कंस वर की खाली, यात मला फारसा रस नाही. तुम्ही मंडळी कसं सांभाळता?

---

बोरीबंदर_ते_कुडाळ | मंगळवार, रात्री ११:१५

वाचनखूण साठवली. प्लगचा प्रसंग डोळ्यांसमोर आला.

लिनक्स कर्नलला पॅच पाठवण्याचे जे नियम आहेत त्यांत तुमचा नियम जवळपास तसाच आहे. एका फायलीतलं कोड दुसऱ्या फायलीत हलवत असाल तर त्याच पॅचमध्ये त्या कोडला हात लावायचा नाही. आधी नुसतं हलवा, मग पुढच्या पॅचमध्ये बदला. कारण वाचणाऱ्याला हलवलेल्या चारशे ओळींत बदललेली एक ओळ दिसत नाही.

तिथल्या शैलीबद्दल लोक आठ अक्षरांच्या टॅबवरून थट्टा करतात. पण त्यामागचं कारण मला पटलेलं आहे. एवढा रुंद टॅब असला की तीन पातळ्यांपेक्षा आत शिरलं की कोड उजवीकडच्या कडेला जाऊन आपटतं. तिथेच कळतं की फंक्शन तोडायला हवं.

---

सरळसोट | बुधवार, सकाळी ८:०५

किस्सा छान, निष्कर्ष अर्धवट. हा प्रश्न माणसांनी सोडवायचाच नाही. क्लँग-फॉरमॅट (कोड आपोआप एका साच्यात बसवणारा प्रोग्राम) लावा, त्याची फाइल रेपोत (कोडच्या साठ्यात) ठेवा, सीआयमध्ये (प्रत्येक पॅचवर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत) तपासणी घाला. ज्याचं कोड त्या साच्यातून निघालेलं नाही त्याचा पॅच आपोआप परत. गो भाषेवाल्यांनी पहिल्यापासून हेच केलं, तिथे कंस कुठे यावा यावर कुणी रात्री जागवत नाही.

आणि ब्लेम खराब होतं हे रडगाणंही जुनं झालं. २०१९ साली गिटच्या २.२३ आवृत्तीत सोय आली: रूप बदलणाऱ्या कमिटांचे हॅश (ओळख-क्रमांक) एका फायलीत लिहून ठेवा, ब्लेम ते ओलांडून मागच्या खऱ्या लेखकापर्यंत जातं. एकदाच सगळा कोड फॉरमॅट करा, हॅश तिथे टाका, विषय संपला. तुमच्या मुलाला ‘इंडेंट नीट करायला’ काही उरलंच नसतं.

---

खाडीपलीकडचा | बुधवार, दुपारी १:३०

@सरळसोट, शेवटचं वाक्य एकदम मान्य. नवीन प्रकल्प असता तर पहिल्या दिवशी हेच केलं असतं.

चालत्या प्रकल्पाचं दुखणं वेगळं असतं. पेट्यांवर जी आवृत्ती चालते ती जुन्या ब्रँचवरची (कोडच्या जुन्या फांदीवरची). मुख्य ब्रँच फॉरमॅट केली आणि जुनी तशीच ठेवली, तर मुख्यवरची प्रत्येक दुरुस्ती जुन्यावर नेताना हाताने बसवावी लागणार. ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीवाल्यांनी २०१५च्या जानेवारीत सगळा कोड नव्या शैलीत आणला तेव्हा चालू असलेल्या जुन्या ब्रँचही सोबत आणल्या. मला ते करायला एक निवांत आठवडा हवा, आणि त्या आठवड्यात कुणाचाही पॅच वाटेत नको. असा आठवडा मार्च ते जून नसतो, तेव्हा आंबा असतो. मग पाऊस आणि गणपती. नंतर भात कापणी.

दुसरं म्हणजे साच्याला सगळंच कळत नाही. आमच्याकडे सेन्सरच्या रजिस्टरांचा एक तक्ता आहे. एका स्तंभात पत्ता, मग बिट, मग अर्थ, सगळं उभ्या रेषेत. डेटाशीटशेजारी धरून वरून खाली बोट फिरवत ताडता येतो. क्लँग-फॉरमॅटने त्याचा परिच्छेद करून ठेवला. तेवढ्या भागापुरतं त्याला ‘बंद’ म्हणून सांगता येतं, सांगितलंही. पण आधी तो तक्ता कुठे आहे हे माणसालाच माहीत असावं लागतं.

---

प्रूफवाले_काका | बुधवार, संध्याकाळी ६:५०

संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही. मुलाने दुवा पाठवला म्हणून वाचलं. पण हा किस्सा मी स्वतः भोगलेला आहे, म्हणून लिहितो.

सव्वीस वर्षं मुद्रितशोधन केलं, आता सावंतवाडीत असतो. एका प्रकाशकाकडे (नाव नको) एका जुन्या कादंबरीची नवी आवृत्ती निघायची होती. मूळ पुस्तक स्वातंत्र्याच्या आधीचं. म्हणजे ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पांच’, ‘घरांत’, सगळीकडे अनुस्वारांचा पाऊस. साहित्य महामंडळाचे १९६२ साली १४ नियम झाले, १९७२ साली आणखी चार, एकूण १८. न उच्चारले जाणारे अनुस्वार त्यांत गेले. काम एवढंच होतं की पुस्तक नव्या नियमांत आणायचं.

लोकांना वाटतं त्यात काय, टिंबं पुसायची. पण ‘घरांत’ हा शब्द घ्या. जुन्या पद्धतीत एका घरातही ‘घरांत’ आणि चार घरांमध्येही ‘घरांत’. नव्यात एकवचनाचा अनुस्वार जातो, अनेकवचनाचा राहतो. म्हणजे प्रत्येक ठिकाणी वाक्य वाचून ठरवावं लागतं. सरसकट टिंब पुसणाऱ्याने आख्ख्या गावातली चूल एका घरात नेऊन ठेवली असती. तुमच्या त्या तक्त्यासारखंच हे.

खरी गंमत पुढे आहे. ज्या गृहस्थांकडे काम होतं त्यांनी जाता जाता (तुमचेच शब्द) काही शब्दही ‘सुधारले’. पडवीचा व्हरांडा केला. एका म्हातारीच्या तोंडचं बोलणं शुद्ध करून टाकलं. लेखकाच्या घरच्यांनी एक जागा दाखवली तेव्हा आमचे धाबे दणाणले, कारण अशा जागा आणखी किती हे कळायला मार्ग नव्हता. प्रत्येक ओळीत काही ना काही बदललेलंच होतं. शेवटी मी मूळ प्रत धरली, दुसऱ्याने नवी मोठ्याने वाचली, आणि शब्द न् शब्द ताडला. तीन आठवडे गेले. व्हरांडे एकूण चौदा निघाले.

पुढे त्या छापखान्यात पद्धत पडली: लेखनाचे नियम लावलेलं प्रूफ वेगळं, शब्द बदललेलं प्रूफ वेगळं, शाई वेगळी. लाल आणि निळी.

---

बोरीबंदर_ते_कुडाळ | बुधवार, संध्याकाळी ७:२०

काका, दंडवत. ‘व्हरांडे एकूण चौदा निघाले’ हे वाक्य मी भिंतीवर लावणार आहे.

---

चतुर्थीक_येतंय | बुधवार, रात्री ९:००

माका एफसिंक काय ता कळूक नाय, पण बॅटरीचा बरोबर कळला. सहा तास म्हणान देतत आणि चाळीस मिनटांत गार. आमच्या इन्व्हर्टराची तीच गजाल. तुमच्या आवशीन इचारल्यान ता बरोबरच इचारल्यान.

---

जुना_कर्नली | बुधवार, रात्री ११:४५

एक तांत्रिक शंका. कार्डावर एक्सटी४ फाइल सिस्टिम होती का? २००९ साली याच प्रकारावरून मोठा गदारोळ झाला होता. मशीन अडकून बंद पडलं की लोकांच्या डेस्कटॉपच्या सेटिंगच्या फायली शून्य बाइटच्या होत होत्या, कारण प्रोग्राम एफसिंक न करताच रीनेम करत होते. चूक प्रोग्रामांची की फाइल सिस्टिमची, यावर दोन्ही बाजूंनी भरपूर शाई सांडली. शेवटी २.६.३० कर्नलपासून एक्सटी४नेच पडतं घेतलं: जुन्या फायलीवर नवी रीनेम होताना दिसली की तिचा मजकूर आधी डिस्कवर ढकलायचा. त्यामुळे एफसिंक गेलं तरी तुमची फाइल बहुतेक वेळा वाचायला हवी होती.

ऑब्जेक्ट फाइल ताडण्याची युक्ती चांगली आहे, पण डीबगची माहिती न घालता कंपाइल करायला सांगत जा. त्यात ओळींचे क्रमांक असतात, एक रिकामी ओळ वाढली तरी फरक दिसेल.

---

खाडीपलीकडचा | गुरुवार, सकाळी ७:१०

@जुना_कर्नली, बरोबर पकडलंत. एक्सटी४च होती. पण कार्ड लवकर झिजू नये म्हणून पेट्यांच्या इमेजमध्ये ती सोय माउंट करतानाच बंद केलेली होती, नो-ऑटो-डीए-अलॉक लावून. ते कुणी लावलं? मीच. तेव्हा म्हटलं होतं, कोडमध्ये एफसिंक आहेच की, मग ही डबल खबरदारी कशाला. म्हणजे एका खबरदारीच्या भरवशावर मी दुसरी काढली आणि त्या मुलाने पहिली. ते कमिट मात्र वेगळं होतं, एका ओळीचं, कारण लिहिलेलं. सापडायला दहा सेकंद लागली.

---

सरळसोट | गुरुवार, सकाळी १०:३०

हे सगळं वाचूनही माझं मत तेच. उलट इंडेंट यंत्राच्या हाती असेल तर चुका उघड्या पडतात. २०१४च्या फेब्रुवारीतली ॲपलची ती प्रसिद्ध चूक घ्या. सुरक्षित जोडणीतली सही तपासणारं फंक्शन, त्यात ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा आली. दुसरी ओळ कुठल्याच अटीखाली नव्हती, पण अशी आत सरकवलेली होती की अटीखालची वाटावी. परिणाम असा की पुढची खरी तपासणी कधी चाललीच नाही. तो कोड फॉरमॅटरमधून गेला असता तर दुसरी ओळ डावीकडे येऊन उभी राहिली असती, कुणालाही दिसली असती. पुढे २०१६ साली जीसीसी या कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत फसव्या इंडेंटची वॉर्निंगच आली. शैली यंत्राने सांभाळायची ती यासाठी.

---

जुना_कर्नली | गुरुवार, दुपारी ४:००

त्या उदाहरणाला माझा पाठिंबा. पण यंत्राला जिथे काहीच खटकत नाही अशाही दोन जागा सांगतो.

पहिली, नोव्हेंबर २००३. तेव्हा कर्नलचा मूळ कोड बिटकीपर या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात असे आणि सीव्हीएस हे तसलंच दुसरं साधन वापरणाऱ्यांसाठी त्याची एक नक्कल ठेवलेली असे. कुणीतरी त्या नकलेत दोन ओळी घुसवल्या. बघायला साधी तपासणी: अमुक दोन पर्याय एकत्र आले आणि वापरकर्त्याचा क्रमांक शून्य असेल तर चूक परत करा. फक्त ‘==’च्या जागी ‘=’ होतं. म्हणजे तपासण्याऐवजी क्रमांक शून्य करून टाकायचा, आणि शून्य म्हणजे रूट, मशीनवर सगळे अधिकार असलेला. इंडेंट चोख, कंस चोख, कंपायलरही गप्प बसावा म्हणून त्या बरोबरीच्या चिन्हाभोवती जादा कंस. पकडलं गेलं ते मूळ आणि नक्कल जुळेना म्हणून. काकांनी मूळ प्रत धरली तसंच.

दुसरी, एक्सझेड या फायली आकसून लहान करणाऱ्या प्रोग्रामचं २०२४चं प्रकरण. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार ठेवलेलं होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडला एसएसएचच्या (दुरून मशीनमध्ये शिरायच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हा प्रश्न पडला आणि त्यातून ते उघडकीला आलं. त्याच प्रकरणातली एक छोटी गोष्ट मात्र कमी लोकांच्या लक्षात राहिली. लँडलॉक हे सँडबॉक्स (प्रोग्रामला कुंपणात ठेवणारी सोय) उपलब्ध आहे का, हे बघायला सीमेक या कोड बांधणाऱ्या साधनाच्या फायलीत एक चिमुकला चाचणी प्रोग्राम होता. त्यात एका ओळीच्या सुरुवातीला नुसतं एक टिंब टाकलेलं होतं. टिंबामुळे तो प्रोग्राम कधीच कंपाइल होईना, म्हणून ‘लँडलॉक नाही’ असं उत्तर येई, आणि सँडबॉक्स गुपचूप बंद. डिफमध्ये ते दिसतं कसं? एक अधिकचं चिन्ह आणि त्यापुढे एक टिंब. स्क्रीनवर माशी बसली असं वाटावं.

दहा ओळींच्या डिफमध्ये ती माशी कदाचित कुणी झटकेल. ११४० ओळींत सोडून द्या. म्हणून फॉरमॅटर जरूर लावा, पण मला तो हवा आहे तो डिफ लहान राहावा म्हणून.

---

सरळसोट | गुरुवार, दुपारी ४:२५

‘डिफ लहान राहावा म्हणून’. ठीक. यावर भांडण नाही.

---

खडपावरची | गुरुवार, रात्री ८:४०

नमस्कार, मी रत्नागिरीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. खाडीपलीकडचा सर, तुमच्याच प्रकल्पाला पॅच पाठवायचा आहे, पण हा धागा वाचून हात थरथरायला लागले आहेत.

सेन्सर वाचणाऱ्या फायलीवर मी कर्नलचं शैली तपासणारं चेकपॅच चालवून पाहिलं. २१२ तक्रारी आल्या. त्या सगळ्या आधी नीट करून मग माझी दुरुस्ती पाठवू का?

माझी दुरुस्ती अशी: सिरियल पोर्टवरून आपण ३२ बाइट मागतो आणि ‘रीड’ ऋण आकडा (म्हणजे चूक) देत नसेल तर सगळं आलं असं धरतो. पण कधी कधी १७च येतात. मग उरलेल्या १५ जागांत मागच्या नोंदीचं शिळं तसंच राहतं आणि तेच लिहिलं जातं. मी आलेले बाइट मोजून बाकीचे परत मागते आहे. त्याच फंक्शनमध्ये ‘टेम्प२’ नावाचं व्हेरिएबल आहे. ते तापमान आहे की तात्पुरतं, हे कळायला मला अर्धा तास लागला. म्हणून त्याचं नावही बदललं आहे.

---

जुना_कर्नली | गुरुवार, रात्री ९:०५

चेकपॅच आपल्या पॅचवर चालवायचं, गावाच्या जुन्या भिंतींवर नव्हे. कर्नलच्याच कागदपत्रांत म्हटलंय की तक्रारी तोलून बघा, नियम मोडून कोड जास्त चांगलं दिसत असेल तर ते तसंच राहू द्या. साफसफाईवर हात बसवायचा असेल तर कर्नलमध्ये ‘स्टेजिंग’ नावाचा वेगळा गोठा आहे, तिथे नवख्यांचे असले पॅच घेतात.

---

खाडीपलीकडचा | गुरुवार, रात्री ९:५०

@खडपावरची, सर नको, दादा चालेल. आणि ‘टेम्प२’चा बाप मीच, तेव्हा अर्ध्या तासाबद्दल क्षमस्व. ते तापमान आहे.

दोन पॅच करा. पहिल्यात फक्त अपुऱ्या वाचनाची दुरुस्ती, ‘टेम्प२’ तसंच ठेवून. दुसऱ्यात फक्त नाव. पहिला मला जुन्या ब्रँचवर आजच न्यावा लागेल, कारण मोहराच्या दिवसांत शिळी आर्द्रता म्हणजे फुकटची फवारणी. दुसरा सावकाश गेला तरी चालतो. दोन्ही एकत्र आले तर एकालाही हलता येत नाही.

कमिटचा मजकूर इथे टाकता का?

---

खडपावरची | गुरुवार, रात्री १०:१०

शीर्षक: ‘सेन्सर: बग दुरुस्त केला’. खाली मजकूर लिहिलेला नाही. लागतो का?

---

प्रूफवाले_काका | गुरुवार, रात्री १०:२५

मुली, ‘शुद्धिपत्र: चूक सुधारली’ असं छापलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

---

खाडीपलीकडचा | गुरुवार, रात्री १०:३०

काकांना मेंटेनर करून घ्यायचा विचार आहे.

असं काहीतरी लिहा. शीर्षक: ‘सेन्सर: वाचन अपुरं आल्यास शिळे बाइट लिहू नका’. खाली: ३२ मागितले तर १७ही येऊ शकतात, ते तुम्हाला कुठे दिसलं, किती वेळात एकदा होतं, आणि आता कोड काय करतं. ज्या कमिटमध्ये हा दोष पहिल्यांदा आला त्याच्या हॅशची पहिली बारा अक्षरं आणि शीर्षक शेवटी. ओळी ७५ अक्षरांच्या आत तोडा, मी जुन्या टर्मिनलवर वाचतो. ते कमिटही बहुधा माझंच निघेल, बिनधास्त लिहा.

---

खडपावरची | शुक्रवार, रात्री ११:२०

दोन्ही पाठवले. दुसऱ्याची ऑब्जेक्ट फाइल ताडली, डीबगची माहिती न घालता, तरी फरक आला! घाबरले. नुसतं नाव बदललं तर यंत्राच्या कोडमध्ये फरक कशाला? तासभर शोधलं. त्या फंक्शनमध्ये एक असर्ट (अट खरी नसेल तर प्रोग्राम थांबवणारी तपासणी) आहे, आणि असर्ट आपली अट मजकूर म्हणूनच बायनरीत ठेवतं, चूक झाली तर छापायला. तिथे ‘टेम्प२’ हे नाव अक्षरशः लिहिलेलं सापडलं. असर्ट बंद करून दोन्ही पुन्हा कंपाइल केल्या, तेव्हा बाइट न् बाइट सारख्या आल्या. हेही कमिटमध्ये लिहिलं आहे.

---

जुना_कर्नली | शनिवार, सकाळी ६:३०

वा. हे मला सांगायचं सुचलं नव्हतं.

---

खाडीपलीकडचा | शनिवार, सकाळी ९:१५

पहिला घेतला, जुन्या ब्रँचवरही नेला, दुपारपर्यंत अकराच्या अकरा पेट्यांवर जाईल. दुसऱ्यात ‘तापमान’ बरोबर ‘एकक’ही नावात घालावं का असा प्रश्न आहे, कारण तो आकडा अंशांत नाही, अंशाच्या दशांशात आहे. तिथे पॅचखाली लिहिलंय, बघा.

---

चतुर्थीक_येतंय | शनिवार, सकाळी ९:४०

ता सगळा ठीक हा. बॅटरी कधी बदलतास?

---

खाडीपलीकडचा | शनिवार, सकाळी ९:४५

दसऱ्याक.